३,३५,५०,३३६ : पाचवी परिपूर्ण संख्या आणि लहान संख्यांवरून बांधलेली अनुमाने

पूर्णांक (धागाकर्ता)

मोठ्या पूर्णांकाची ओळख करून देताना त्याच्या गुणधर्मांची यादी देण्याची पद्धत आहे. संख्या सम आहे की विषम, मूळ आहे की संयुक्त, तिला किती विभाजक आहेत, तिच्या अंकांची बेरीज किती येते, हे सारे एकापाठोपाठ सांगितले जाते आणि त्यातले मुख्य कोणते व आनुषंगिक कोणते, हे वाचणाऱ्याला उमगत नाही. या धाग्यात मला एकच संख्या घेऊन हा भेद सविस्तर तपासायचा आहे. ती संख्या म्हणजे ३,३५,५०,३३६, अर्थात तीन कोटी पस्तीस लाख पन्नास हजार तीनशे छत्तीस. ही पाचवी परिपूर्ण संख्या आहे.

ज्या संख्येच्या स्वतःखेरीज इतर सर्व विभाजकांची बेरीज त्या संख्येइतकीच येते, तिला परिपूर्ण संख्या म्हणतात. ६ चे असे विभाजक १, २ आणि ३, त्यांची बेरीज ६. २८ चे १, २, ४, ७ आणि १४, त्यांची बेरीज २८. आपल्या संख्येचे मूळ अवयव पाडले की २^१२ × ८१९१ असे मिळतात (२^१२ म्हणजे २ चा बारावा घात, ४०९६), आणि ८१९१ ही २^१३ − १ या रूपाची मूळ संख्या आहे. त्यामुळे विभाजक दोन गटांत पडतात. पहिल्या गटात १, २, ४ असे दुप्पट होत ४०९६ पर्यंतचे तेरा विभाजक येतात आणि त्यांची बेरीज ८१९१ होते. दुसऱ्या गटात ८१९१, १६३८२ असे दुप्पट होत १,६७,७५,१६८ पर्यंतचे बारा विभाजक येतात आणि त्यांची बेरीज ८१९१ × ४०९५, म्हणजे ३,३५,४२,१४५ होते. या दोन बेरजा एकत्र केल्या की नेमकी मूळची संख्या हाती येते. २^न − १ ही संख्या मूळ असेल तर तिला २^(न−१) ने गुणून परिपूर्ण संख्या मिळते, हे युक्लिडने सिद्ध केले होते. प्रत्येक सम परिपूर्ण संख्या याच रूपाची असली पाहिजे, ही उलट बाजू सिद्ध व्हायला ऑयलरची वाट पाहावी लागली आणि ती सिद्धता त्याच्या मृत्यूनंतर १८४९ मध्ये छापली गेली.

ही संख्या मी निवडली ती आणखी एका कारणासाठी. इ. स. १०० च्या सुमारास ग्रीक गणितज्ञ निकोमॅकसने चार परिपूर्ण संख्या नोंदवल्या: ६, २८, ४९६ आणि ८१२८. एक अंक असलेल्या संख्यांत एक, दोन अंकी संख्यांत एक, तीन अंकींत एक आणि चार अंकींत एक, असा क्रम त्याला दिसला, आणि शेवटी आळीपाळीने ६ आणि ८ येतात असेही त्याने म्हटले. पुढच्या अनेक लेखकांनी हे दोन्ही नियम सर्व परिपूर्ण संख्यांसाठी खरे मानले. प्रत्यक्षात पाच, सहा आणि सात अंकी संख्यांत एकही परिपूर्ण संख्या नाही, आणि पाचवी संख्या एकदम आठ अंकी निघते.

ही दरी पडण्याचे कारण ११ या घातांकात आहे. २^२ − १, २^३ − १, २^५ − १ आणि २^७ − १ या चारही संख्या मूळ आहेत, म्हणून ११ हा मूळ घातांक घेतल्यावरही तसेच होईल असे वाटते; पण २^११ − १ = २०४७ = २३ × ८९. त्यामुळे २^१० × २०४७, म्हणजे २०,९६,१२८ ही सात अंकी संख्या परिपूर्ण होत नाही. तिच्या स्वतःखेरीज विभाजकांची बेरीज २३,२५,३९२, म्हणजे संख्येहून अधिक येते; अशा संख्येला विपुल संख्या म्हणतात. युरोपात हे अवयव १५३६ मध्ये हुदाल्रिकस रेगियसने दिले आणि त्याच वेळी १३ या घातांकावरून पाचवी परिपूर्ण संख्याही मांडली. त्याआधी पंधराव्या शतकातल्या एका निनावी हस्तलिखितात ती आढळते, आणि त्याच्याही आधी तेराव्या शतकात इब्न फल्लूस या अरबी गणितज्ञाने परिपूर्ण म्हणून दिलेल्या यादीत ती आहे.

माझे म्हणणे असे की मोठ्या संख्येचे खरे मोल अशा ठिकाणी कळते. चार उदाहरणांवरून बांधलेले अनुमान पाचव्या उदाहरणाशी ताडून पाहिल्यावर जे टिकते त्यामागे बहुधा रचना असते, आणि जे कोसळते त्यामागे बहुधा योगायोग असतो. या संख्येचे जे गुणधर्म आपल्याला ठाऊक असतील ते कृपया येथे मांडावेत, आणि शक्य असेल तर ते २^१२ × ८१९१ यातून निघतात की नाही हेही सांगावे.

अवयवी

लेख आवडला. एक मूलभूत शंका आहे. सगळे प्रकरण ८१९१ मूळ असण्यावर उभे आहे. हाताने आकडेमोड करणाऱ्या माणसाला ते किती भागाकारांत पटवून घेता येते? ८१९१ चे वर्गमूळ ९० च्या किंचित वर आहे, म्हणजे ९० पर्यंतच्या सर्व मूळ संख्यांनी भागून पाहावे लागेल. त्या २४ आहेत, आणि २ वगळला तरी २३ भागाकार उरतात.

पूर्णांक (धागाकर्ता)

अवयवी, सोळाव्या शतकातल्या माणसाला ते २३ भागाकार करण्यावाचून फारसा पर्याय नव्हता. आपल्याला मात्र एकच भागाकार पुरतो, आणि तो कसा हे सांगायला मला फार आवडेल.

समजा क ही मूळ संख्या २^१३ − १ ला निःशेष भागते. म्हणजे २ च्या तेराव्या घाताला क ने भागल्यावर बाकी १ उरते. १३ हा मूळ असल्याने त्याहून लहान कोणत्याही धन घाताला ही बाकी १ येऊ शकत नाही. दुसरीकडे फर्माच्या प्रमेयानुसार २^(क−१) ला क ने भागल्यावरही बाकी १ उरते. या दोन्ही गोष्टी एकत्र खऱ्या असायच्या तर १३ ने क − १ ला निःशेष भागले पाहिजे, आणि क विषम असल्याने क − १ हा २६ च्या पटीत असला पाहिजे. ९० च्या आत अशा संख्या फक्त तीन: २७, ५३ आणि ७९. पैकी २७ मूळ नाही.

आता दुसरी चाळणी. २^१४ ला क ने भागल्यावर बाकी २ उरते आणि २^१४ हा १२८ चा वर्ग आहे. म्हणजे क च्या दृष्टीने २ ही एका वर्गाची बाकी ठरते, आणि असे तेव्हाच घडते जेव्हा क ला ८ ने भागल्यावर बाकी १ किंवा ७ येते. ५३ ला ८ ने भागले तर ५ उरतात, म्हणून तोही गळाला. उरला ७९. ७९ × १०३ = ८१३७, आणि ८१९१ पर्यंत पोचायला ५४ कमी पडतात. भाग जात नाही, म्हणून ८१९१ मूळ आहे.

याच मार्गाने ऑयलरने १७७२ मध्ये २^३१ − १, म्हणजे २,१४,७४,८३,६४७ ही संख्या मूळ असल्याचे दाखवले. तिथे एका भागाकारात काम झाले नाही, पण चाळण्या याच होत्या.

निकोमॅकसच्या दुसऱ्या नियमाविषयीही इथेच लिहितो, कारण तो पहिल्यासारखा सपशेल कोसळत नाही आणि म्हणून अधिक शिकवतो. सम परिपूर्ण संख्येचा शेवटचा अंक ६ किंवा ८ असतो हे खरेच आहे. खोटे आहे ते आळीपाळीने येणे. घातांक ४ च्या पटीहून १ ने अधिक असेल तर २^(न−१) हा १६ चा घात होतो आणि त्याच्या शेवटी ६ येतो. २^न − १ च्या शेवटी मग १ येतो, आणि गुणाकाराच्या शेवटी ६. घातांक ४ च्या पटीहून ३ ने अधिक असेल तर त्याच दोन अवयवांच्या शेवटी ४ आणि ७ येतात, आणि गुणाकाराच्या शेवटी ८. घातांक २ हे वेगळे प्रकरण, त्याचे उत्तर ६. आता ३, ५, ७, १३, १७, १९, ३१ या घातांकांना ४ ने भागून उरणाऱ्या बाक्या पाहाव्यात: ३, १, ३, १, १, ३, ३. म्हणजे पाचव्या संख्येपर्यंत ६, ८, ६, ८, ६ असा क्रम टिकतो आणि सहावी संख्या, ८,५८,९८,६९,०५६, पुन्हा ६ वर संपून तो मोडते. प्रश्न शेवटी मूळ घातांक कोणत्या क्रमाने येतात यावर जाऊन ठेपतो, आणि ते घातांक ४ च्या बाक्यांची आळीपाळी पाळत नाहीत.

त्रिज्या

आकृतिसंख्यांच्या बाजूने भर घालते. १ पासून ८१९१ पर्यंतच्या सर्व संख्यांची बेरीज ८१९१ × ८१९२ ÷ २, म्हणजे नेमकी ३,३५,५०,३३६ आहे. त्यामुळे ही ८१९१ वी त्रिकोणी संख्या झाली. न × (२न − १) या सूत्रात न = ४०९६ घातले की हीच संख्या येते, म्हणून ती ४०९६ वी षट्कोणी संख्याही आहे. या दोन्ही गोष्टी प्रत्येक सम परिपूर्ण संख्येला लागू आहेत, त्यामुळे त्या या संख्येची खास ओळख ठरत नाहीत.

मला अधिक भावणारी गोष्ट अशी की क्रमाने येणाऱ्या दोन किंवा अधिक धन पूर्णांकांची बेरीज म्हणून ही संख्या केवळ एकाच प्रकारे लिहिता येते, आणि तो प्रकार म्हणजे १ + २ + ३ + … + ८१९१. कोणतीही संख्या अशा किती प्रकारे लिहिता येते हे तिला १ खेरीज किती विषम विभाजक आहेत यावर ठरते. इथे असा विभाजक एकच, ८१९१. तीन कोटींच्या पुढची संख्या, तिला इतके विभाजक, आणि तरीही ही मांडणी एकच!

विषम संख्यांचे घन घेतले तर १^३ + ३^३ + ५^३ असे १२७^३ पर्यंतचे ६४ घन मिळवून हीच बेरीज येते. पहिल्या म विषम घनांची बेरीज म^२ × (२म^२ − १) असते; म = ६४ घेतल्यावर म^२ हा ४०९६ होतो आणि कंसात ८१९१ उरतात. घातांक विषम असला की २^(न−१) हा पूर्ण वर्ग होतो, म्हणून ६ सोडून प्रत्येक सम परिपूर्ण संख्येला हे लागू आहे.

दशमान

अंकांविषयी अजून कोणी बोलले नाही म्हणून लिहितो. ३ + ३ + ५ + ५ + ० + ३ + ३ + ६ = २८. परिपूर्ण संख्येच्या अंकांची बेरीज स्वतः परिपूर्ण आहे! शिवाय अंकांच्या वर्गांची बेरीज घेत जाण्याची कृती करून पाहिली. २८ घेतले तर ६८, मग १००, मग १. ४९६ घेतले तर १३३, १९, ८२, ६८, १००, १. ८१२८ घेतले तरी १३३ येतात आणि पुढे तोच मार्ग. ज्या संख्या या कृतीने १ वर पोचतात त्यांना आनंदी संख्या म्हणतात. लागोपाठ तीन परिपूर्ण संख्या आनंदी निघाव्यात, याला काहीच अर्थ नाही असे मला मानवत नाही. संख्या आपल्याला भेटते ती तिच्या अंकांतूनच; त्या अंकांना आनुषंगिक ठरवून बाजूला सारणे मला पटत नाही.

पूर्णांक (धागाकर्ता)

दशमान, तुम्ही नेमकी ती उदाहरणे आणली आहेत ज्यांची या धाग्याला गरज होती, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

आनंदी संख्यांची कृती आपल्या संख्येवर केली तर वर्गांची बेरीज ९ + ९ + २५ + २५ + ० + ९ + ९ + ३६ = १२२ येते. पुढे ९, ८१, ६५, ६१, ३७, ५८, ८९ असा मार्ग लागतो, आणि ८९ एकदा आला की ही कृती आठ संख्यांच्या चक्रात फिरत राहते आणि १ कधीच गाठत नाही. म्हणजे ही संख्या आनंदी नाही. पहिली परिपूर्ण संख्या ६ हीदेखील नाही, कारण तीही ८९ वर पोचते. मधल्या तीन संख्या आनंदी आहेत हे खरे, पण त्या क्रमाला मागेही आधार नाही आणि पुढेही नाही. शिवाय ४९६ आणि ८१२८ यांचा मार्ग एकच असल्याने तीन स्वतंत्र पुरावे दिसतात तिथे वस्तुतः दोनच आहेत.

अंकांच्या बेरजेचे प्रकरण मात्र अर्धे योगायोगाचे आणि अर्धे नियमाचे आहे, आणि ही दोन अर्धी वेगळी करता येतात. बेरीज २८ येणे हा योगायोग आहे; ४९६ आणि ८१२८ या दोघींच्या अंकांची बेरीज १९ येते, जी परिपूर्ण नाही. पण २८ चे अंक पुन्हा मिळवले तर १० आणि मग १ येतो. १९ चेही १० आणि मग १. हे ६ च्या पुढच्या प्रत्येक सम परिपूर्ण संख्येच्या बाबतीत घडते, कारण अशा प्रत्येक संख्येला ९ ने भागल्यावर बाकी १ उरते. सिद्धता दोन ओळींची आहे. घातांक विषम असल्याने २^(न−१) हा ४ चा घात असतो, म्हणून तो ३म + १ या रूपाचा असतो. संख्या मग (३म + १) × (६म + १) = ९ × म × (२म + १) + १ अशी होते. आपल्या संख्येसाठी ४०९६ = ३ × १३६५ + १, म्हणजे म = १३६५. गंमत अशी की म × (२म + १) हीदेखील त्रिकोणी संख्या असते. इथे ती २७३० वी, म्हणजे ३७,२७,८१५ आहे, आणि तिची नऊपट करून १ मिळवला की ३,३५,५०,३३६ परत येतात.

तेव्हा अंकांना बाजूला सारावे असे माझे म्हणणे नाही. दशमान लेखनातून दिसलेली गोष्ट ९ किंवा १० ने भागल्यावर उरणाऱ्या बाकीपर्यंत नेता आली, तर ती संख्येच्या रचनेशी जोडली जाते. तिथपर्यंत नेता आली नाही, तर तिच्यावर पुढचे काही बांधू नये.

दशमान

९ च्या बाकीची सिद्धता पटली. तरीही माझे मत मी पूर्ण सोडत नाही. ही बाकी तपासावी असे कोणाला तरी सुचले ते आधी अंकांची बेरीज करून पाहिल्यामुळेच. शोधाची सुरुवात अंकांपासून होते एवढे तरी मान्य व्हावे. पुढचा प्रश्न: २८ ने या संख्येला भाग जातो का? म्हणजे अंकांच्या बेरजेने निःशेष भाग जाणाऱ्या हर्षद संख्यांत तिची गणना होईल का?

अवयवी

नाही. २८ मध्ये ७ हा अवयव आहे आणि २^१२ × ८१९१ यात ७ नाही. भागाकार न करताच उत्तर मिळते.

द्विमान लेखनात मात्र ही संख्या तिच्या खऱ्या रूपात दिसते असे मला वाटते. २^१२ × (२^१३ − १) म्हणजे आधी तेरा वेळा १ आणि मग बारा वेळा ०, एकूण पंचवीस स्थाने. १ ची गणती १३ ही विषम असल्याने ती ज्या संख्यांत १ विषम वेळा येतो त्या वर्गात मोडते, आणि १३ मूळ असल्याने ज्या संख्यांत १ मूळ संख्येइतक्या वेळा येतो त्या वर्गातही. हे प्रत्येक सम परिपूर्ण संख्येला लागू आहे. अपवाद फक्त पहिल्या वर्गात ६ चा, जिच्या द्विमान रूपात १ दोन वेळा येतो.

हाच १३ आणखी एका ठिकाणी निघतो. या संख्येला स्वतःसह २६ विभाजक आहेत. परिपूर्ण संख्येच्या सर्व विभाजकांच्या गुणाकार व्यस्तांची बेरीज नेहमी २ येते, म्हणून विभाजकांचा हरात्मक मध्य (विभाजक किती ते भागिले त्यांच्या व्यस्तांची बेरीज) २६ ÷ २ = १३ हा पूर्णांक येतो. ज्यांचा हा मध्य पूर्णांक येतो अशा संख्यांचा अभ्यास ओर या नॉर्वेजियन गणितज्ञाने १९४८ मध्ये केला. प्रत्येक परिपूर्ण संख्या त्या वर्गात येते, पण तो वर्ग त्यांच्यापुरता मर्यादित नाही. १४० चा मध्य ५ आहे आणि १४० परिपूर्ण नाही.

वाचनमात्र

मी गणिताची विद्यार्थिनी नाही, पण हा धागा नेटाने वाचते आहे. विभाजकांची बेरीज संख्येइतकी येते हे कळले. पण या बेरजेचा उपयोग काय, असे विचारले तर चालेल का? म्हणजे परिपूर्ण असल्यामुळे संख्येला आणखी काही करता येते का, जे इतरांना येत नाही?

पूर्णांक (धागाकर्ता)

वाचनमात्र, प्रश्न अगदी योग्य आहे, आणि त्याचे उत्तर देता देता या संख्येचा मला सर्वांत प्रिय असलेला गुणधर्म सांगता येईल.

३,३५,५०,३३६ पेक्षा लहान असलेला कोणताही धन पूर्णांक आपण निवडावा. तो या संख्येच्या वेगवेगळ्या विभाजकांची बेरीज म्हणून लिहिता येतो, एकही विभाजक दोनदा न वापरता. अशा संख्यांना व्यवहार्य संख्या म्हणता येईल. ही संकल्पना भारतीय गणितज्ञ ए. के. श्रीनिवासन यांनी १९४८ मध्ये मांडली. हा गुण केवळ परिपूर्ण संख्यांचा नाही, १२ आणि २० याही व्यवहार्य आहेत. पण आपल्या संख्येत तो इतक्या स्वच्छपणे उलगडतो की सिद्धता म्हणजे शाळेतला साधा भागाकारच ठरते.

निवडलेल्या संख्येला ८१९१ ने भागावे. भागाकार ४०९५ पेक्षा मोठा येणार नाही आणि बाकी ८१९० पेक्षा मोठी उरणार नाही. बाकी ही १, २, ४ पासून ४०९६ पर्यंतच्या विभाजकांतून जुळवता येते, कारण २ च्या वेगवेगळ्या घातांतून कोणतीही संख्या तयार होते. भागाकारही तसाच २ च्या घातांत फोडावा आणि प्रत्येक घाताला ८१९१ ने गुणावे. हे सगळे दुसऱ्या गटातले विभाजक आहेत.

उदाहरण म्हणून १०,००,००० घेऊ. ८१९१ ने भागल्यावर भागाकार १२२ आणि बाकी ६९८. १२२ = ६४ + ३२ + १६ + ८ + २, म्हणून दुसऱ्या गटातून ५,२४,२२४, २,६२,११२, १,३१,०५६, ६५,५२८ आणि १६,३८२ घ्यावेत; त्यांची बेरीज ९,९९,३०२. ६९८ = ५१२ + १२८ + ३२ + १६ + ८ + २. एकूण अकरा विभाजकांत दहा लाख जुळले, आणि अकराही वेगवेगळे आहेत.

आता तुमच्या प्रश्नाचा गाभा. दोन्ही गट पूर्ण वापरले, म्हणजे भागाकाराच्या जागी सर्वांत मोठा ४०९५ आणि बाकीच्या जागी ८१९१ ठेवला, तर बेरीज ८१९१ × ४०९५ + ८१९१ = ८१९१ × ४०९६ होते, आणि ती मूळची संख्याच आहे. पंचवीस विभाजक आपल्या ऐपतीची शेवटची मर्यादा गाठतात तिथेच त्यांची मालक संख्या उभी असते. एकही विभाजक शिल्लक राहत नाही आणि एकाचीही उणीव भासत नाही. विपुल संख्येत विभाजकांची बेरीज संख्येच्या पुढे निघून जाते आणि न्यून संख्येत अलीकडेच थांबते. परिपूर्ण संख्येची तिच्याहून मोठी प्रत्येक पट विपुल असते आणि तिचा स्वतःखेरीज प्रत्येक विभाजक न्यून असतो, त्यामुळे ती या दोन वर्गांच्या अगदी सीमेवर येते.

त्रिज्या

८१९१ विषयी दोन गोष्टी राहिल्या आहेत, आणि त्यातली पहिली धागाकर्त्यांच्या म्हणण्याला बळ देणारी आहे.

३, ७, ३१ आणि १२७ या पहिल्या चार मर्सेन मूळ संख्या, म्हणजे २^न − १ या रूपाच्या मूळ संख्या. याच संख्या पुन्हा घातांक म्हणून वापरल्या, तर २^३ − १, २^७ − १, २^३१ − १ आणि २^१२७ − १ या चारही मूळ निघतात. शेवटची मूळ असल्याचे ल्यूकासने १८७६ मध्ये दाखवले. मर्सेन मूळ संख्या घातांक म्हणून ठेवली की पुन्हा मूळ संख्या मिळते, असा नियम असावा हे किती मोहक अनुमान आहे! त्याची पाचवी परीक्षा म्हणजे २^८१९१ − १. या संख्येला सुमारे अडीच हजार अंक आहेत, त्यामुळे हाताने काही करणे अशक्य होते. १९५३ मध्ये संगणकाच्या साहाय्याने ती संयुक्त असल्याचे सिद्ध झाले. म्हणजे हेही अनुमान चार पायऱ्या टिकले आणि ८१९१ वर येऊन कोसळले.

दुसरी गोष्ट. ८१९१ द्विमान पद्धतीत तेरा वेळा १ अशी लिहिली जाते हे वर आलेच. पण ९० हा पाया घेतला तर ९०^२ + ९० + १ = ८१०० + ९१ = ८१९१, म्हणजे त्या पद्धतीत ती तीन वेळा १ अशी लिहिली जाते. एकच संख्या दोन वेगवेगळ्या पायांत केवळ १ या अंकाने, आणि दोन्हींत किमान तीन स्थानांत, लिहिता येणे ही अतिशय विरळ घटना आहे. आजवर अशा दोनच संख्या माहीत आहेत: ३१, जी पाया २ मध्ये पाच वेळा १ आणि पाया ५ मध्ये तीन वेळा १ आहे, आणि ८१९१. तिसरी संख्या अस्तित्वात नाही असे अनुमान गोरमाख्तिख यांच्या नावाने ओळखले जाते आणि ते अद्याप सिद्ध झालेले नाही. पूर्णांक, तुमच्या भेदात हे कुठे बसेल? हे लेखनपद्धतीतून दिसते, पण दशमान पद्धतीशी त्याचा काही संबंध नाही.

पूर्णांक (धागाकर्ता)

त्रिज्या, मी ते निःसंकोच रचनेच्या बाजूला ठेवेन. पायाचे निमित्त काढून टाकले तरी २^१३ − १ = ९०^२ + ९० + १ ही समता उरते आणि ती घातांविषयीची समता आहे. तिच्यामागे सर्वसाधारण कारण आहे की ती एकटीच आहे, हे कोणालाच सांगता आलेले नाही. त्यामुळे रचना आणि योगायोग या दोन कप्प्यांखेरीज तिसरा कप्पाही ठेवावा लागतो: ज्यांचे कारण अजून शोधायचे आहे अशांचा. विषम परिपूर्ण संख्या त्याच कप्प्यात आहेत. एकही सापडलेली नाही. असलीच तर ती १ वर १५०० शून्ये इतक्या संख्येहून मोठी असली पाहिजे, हे २०१२ मध्ये सिद्ध झाले. आणि तरीही ती नसतेच अशी सिद्धता नाही. चार उदाहरणांवरून नियम बांधू नये हे निकोमॅकसच्या बाबतीत मान्य केले, तर ५२ ज्ञात परिपूर्ण संख्या सम आहेत एवढ्यावरून सर्वच सम असतात असेही म्हणता येत नाही. २०२४ मध्ये सापडलेली सर्वांत मोठी मर्सेन मूळ संख्या २^१३,६२,७९,८४१ − १ आहे आणि तिच्यापासून मिळणाऱ्या परिपूर्ण संख्येला आठ कोटींहून अधिक अंक आहेत. ती संख्याही वरची प्रत्येक सिद्धता पाळते: ९ ने भागल्यावर बाकी १, त्रिकोणी, षट्कोणी, आणि व्यवहार्य.

अवयवी

शेवटचा एक वर्ग सुचवतो, वर्गसंख्यांच्या बेरजेचा. प्रत्येक धन पूर्णांक जास्तीत जास्त चार वर्गांची बेरीज म्हणून लिहिता येतो हे लग्रांजचे १७७० मधले प्रमेय. बहुतेक संख्यांना तीन किंवा त्याहून कमी वर्ग पुरतात. ज्यांना पुरत नाहीत त्या नेमक्या कोणत्या, हे लजांद्रने सांगितले: ज्या ४ चा घात गुणिले ८ च्या पटीहून ७ ने अधिक असलेली संख्या अशा रूपाच्या असतात त्याच.

आपली संख्या पाहावी. २^१२ म्हणजे ४^६, आणि ८१९१ = ८ × १०२३ + ७. म्हणजे ती नेमकी त्या रूपाची आहे आणि तिला चार वर्ग लागतातच. २ चा तिसरा किंवा त्यापुढचा घात घेऊन १ वजा केला की ८ च्या पटीहून ७ ने अधिक अशी संख्या मिळतेच, म्हणून ६ सोडून प्रत्येक सम परिपूर्ण संख्येची हीच स्थिती आहे. ६ ला तीन वर्ग पुरतात: ४ + १ + १.

ते चार वर्ग प्रत्यक्ष शोधताना त्रिज्या यांचा ९० कामी आला. ८१९१ = ९०^२ + ९१, आणि ९१ = ८१ + ९ + १. म्हणजे ८१९१ = ९०^२ + ९^२ + ३^२ + १^२. सर्वांना ६४ ने गुणले की ५७६०^२ + ५७६^२ + १९२^२ + ६४^२. पडताळा असा: ३,३१,७७,६०० + ३,३१,७७६ + ३६,८६४ + ४,०९६ = ३,३५,५०,३३६.